जनसंपर्क म्हणजे पैसे देऊन बातमी? काही समज, काही गैरसमज, काही कबुल्या

कात्रणवही

परवा डॉक्टरांकडे गेले होते. काय करता, त्यांनी विचारलं. म्हटलं, जनसंपर्क. त्यांनी माझ्या दंडाला पट्टा गुंडाळता गुंडाळता हसून विचारलं, "म्हणजे खोटं बोलायचा पगार?" रक्तदाब मोजून झाल्यावर विचारलं असतं तर बरं झालं असतं. आकडा वाढूनच आला.

एकोणीस वर्षं या धंद्यात आहे. पहिली बारा एजन्सीत, नंतरची एका कंपनीच्या आत. एवढ्या वर्षांत हे वाक्य वेगवेगळ्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की एकदाचं लिहून मोकळं व्हावं म्हणून हा धागा.

सगळ्यात चिवट समज म्हणजे आम्ही पैसे देऊन बातम्या छापून आणतो. जाहिरातीत जागा विकत घेतलेली असते, म्हणून शब्दही आपलेच. प्रेसनोट पाठवली की मालकी संपली. ती केराच्या टोपलीत जाईल, चार ओळींत छापली जाईल किंवा रिपोर्टर त्याच नोटेतला एक आकडा उचलून आमच्याच विरोधात बातमी करेल. तिन्ही अनुभव घेतलेत. पेड न्यूज असते, नाही म्हणत नाही. पण ती लेबल काढलेली जाहिरात. त्यात देणारा जेवढा दोषी तेवढाच घेणारा.

दुसरा समज, आमचं काम म्हणजे पांघरूण घालणं. याचं उत्तर एका वाक्यात देता येत नाही, म्हणून एक रात्र सांगते.

कंपनीचं नाव अर्थातच नाही. एका उपकरणाचे चार्जर तापून वितळत होते. एकूण ४१ तक्रारी. कुणाला इजा झाली नव्हती, हे नशीब. रात्री साडेनऊला कॉल सुरू झाला. मी, वकील, उत्पादन विभागाचे प्रमुख, मोठे साहेब. माझा पहिला मसुदा असा होता: "आमचे ४१ चार्जर वितळले आहेत. चूक आमची आहे. वापर थांबवा. सगळे बदलून देतो." चार वाक्यं.

वकील म्हणाले, "चूक" शब्द काढा, उद्या कोर्टात तोच वाचून दाखवतील. काढला. उत्पादनवाले म्हणाले, वितळले नाहीत, "अपेक्षेपेक्षा जास्त तापमान आढळले". बरं. साहेब म्हणाले, ४१ कशाला, "काही". मग "तक्रारी"च्या "प्रतिक्रिया" झाल्या. रात्री दोन-चाळीसला सतरावा मसुदा तयार झाला. त्याची सुरुवात होती: "काही ग्राहकांकडून आलेल्या प्रतिक्रियांची आम्ही अत्यंत गांभीर्याने दखल घेतली असून..."

सतरा मसुद्यांत मी एकाच गोष्टीवर अडून बसले: "वापर थांबवा" हे दोन शब्द राहिलेच पाहिजेत. ते राहिले.

आता हे पांघरूण घालणं की पांघरुणाला भोक पाडणं, तुम्हीच ठरवा. बाहेरून दिसतं ते निवेदन. आतली मारामारी दिसत नाही. मला खोडून काढा, हरकत नाही. फक्त "सगळे तसलेच" म्हणू नका.

टाचणी

ज्या धंद्याचं काम लोकांची प्रतिमा सुधारणं, त्याची स्वतःची प्रतिमा अशी का?

कात्रणवही

@टाचणी, हा विनोद पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी प्रशिक्षणार्थी होते. तेव्हाही तो जुनाच होता.

शिळी बातमी

मी टेबलाच्या पलीकडचा. बावीस वर्षं वृत्तपत्राच्या डेस्कवर काढून आता निवृत्त. रोज शे-दीडशे प्रेसनोट यायच्या. त्यांचं काय व्हायचं ते सांगतो.

पहिला परिच्छेद न वाचताच उडवायचो. तिथे अध्यक्षांना कशाचा तरी आनंद होत असतो. दुसऱ्यात विशेषणं. "अत्याधुनिक", "ऐतिहासिक", "प्रथमच". त्यांच्यावर काट मारली की बरेचदा खाली काहीच उरत नसे. बातमी असलीच तर तिसऱ्या परिच्छेदाच्या शेवटी, "तसेच" या शब्दानंतर दडलेली. सोबत फोटो: अकरा माणसं, सगळी एकाच पाटीला धरून उभी, आणि खाली नावं दहाच.

पैसे मला कुणी देऊ केले नाहीत. एकदा एक पेनसंच आला होता, परत पाठवला. (शाई बरी होती असं ऐकतो.) पण माझी कबुली वेगळी आहे. रिपोर्टर कमी झाले आणि पानं तेवढीच राहिली, तसतशा प्रेसनोटा अधिकाधिक जशाच्या तशा जाऊ लागल्या. लाच लागलीच नाही. संध्याकाळची घाई पुरली.

हे नवीनही नाही. १९०६ साली अमेरिकेत अटलांटिक सिटीजवळ रेल्वेगाडी पुलावरून पाण्यात पडली. पन्नासहून अधिक माणसं गेली. तोवर रेल्वे कंपन्यांची रीत अशी की अपघात झाला की पत्रकारांना लांब ठेवायचं. पेनसिल्व्हेनिया रेल्वेसाठी काम करणाऱ्या आयव्ही ली यांनी उलट केलं. निवेदन काढलं, पत्रकारांना अपघाताच्या जागी न्यायची सोय केली. पहिली प्रेसनोट म्हणून याच निवेदनाचा दाखला देतात. न्यूयॉर्क टाइम्सने ते शब्दशः छापलं. म्हणजे शंभराहून अधिक वर्षांपूर्वीचा डेस्कही आमच्यासारखाच!

वाकडी मान

इतिहास सांगताय तर पूर्ण सांगा. हेच आयव्ही ली पुढे खाणमालक रॉकफेलरांच्या पदरी गेले. १९१४ मध्ये कोलोरॅडोतल्या लडलो इथे संपकरी खाणकामगारांच्या तंबूंवर हल्ला झाला, बायका-मुलं मेली. त्यानंतर मालकांची बाजू मांडणारी पत्रकं ली यांनी काढली आणि त्यातली माहिती चुकीची निघाली. लेखक अप्टन सिंक्लेअर यांनी त्यांना "पॉयझन आयव्ही" म्हटलं ते उगाच नाही.

आणि कात्रणताई, तुमची रात्र वाचली. डोळे पाणावले नाहीत. चार वाक्यांचं निवेदन सतराव्या मसुद्यात धुकं झालं, आणि त्या धुक्याला मराठी वळण कुणी दिलं? तुम्हीच ना?

पण ते एका चार्जरचं झालं. मोठं उदाहरण घ्या. डिसेंबर १९५३ मध्ये अमेरिकेतल्या तंबाखू कंपन्यांचे प्रमुख न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात जमले. सिगारेट आणि कर्करोगाचा संबंध दाखवणारं संशोधन बाहेर येत होतं. सल्ल्याला होती हिल अँड नोल्टन ही जनसंपर्क संस्था. ४ जानेवारी १९५४ ला चारशेहून अधिक वृत्तपत्रांत पानभर निवेदन झळकलं. त्यात "सिगारेट निर्धोक आहे" एवढंच म्हणून ते थांबले नाहीत. "आम्हाला लोकांच्या आरोग्याची काळजी आहे, आम्ही स्वतः संशोधनाला मदत करू" असं म्हटलं. खरी गोम तिथे आहे. निर्दोष आहोत हे सिद्ध करायची गरजच नव्हती, शंका जिवंत ठेवली की पुरे. ती त्यांनी कित्येक दशकं जिवंत ठेवली.

१९९० मध्ये पुन्हा तीच संस्था. कुवेतमधली पंधरा वर्षांची मुलगी अमेरिकी लोकप्रतिनिधींपुढे रडत सांगते की इराकी सैनिकांनी इस्पितळातल्या इनक्युबेटर पेट्यांतून अर्भकं काढून जमिनीवर टाकली. नंतर कळलं, ती कुवेतच्या अमेरिकेतल्या राजदूतांची मुलगी, आणि त्या गोष्टीला आधार सापडला नाही. तोवर इराकविरुद्धचं युद्ध होऊन गेलं होतं.

तेव्हा "चार माणसं नासकी असतात" हे सांगू नका. ही गल्लीतली एजन्सी नव्हती, धंद्यातल्या सर्वांत मोठ्या नावांपैकी एक होती.

नवशिक्या

मोठ्यांच्या भांडणात लहान तोंडी मोठा घास. मला नोकरीला लागून सात महिने झाले. मी "पार्ट्या, ओळखी, झगमगाट" या समजापायी आले. प्रत्यक्षात काय करते? पत्रकारांची यादी एक्सेलमध्ये अद्ययावत करते. त्यातले निम्मे नोकरी बदलून गेलेले असतात. मग उरलेल्यांना फोन: "सर, मेल मिळाला का?" काल एकांनी सांगितलं, "मिळाला. तुमच्या आधी तिघांनी हेच विचारलं. चौथ्याने विचारलं की मी मेल बंद करणार."

प्रश्न असा की आमचे सर म्हणतात, हा सगळा ओळखींचा धंदा आहे. खरंच का?

शिळी बातमी

@नवशिक्या, ओळखीने फोन उचलला जातो, बातमी लागत नाही. एवढाच फरक ध्यानात ठेव. माझा एक जुना मित्र जनसंपर्कात होता, त्याचा फोन मी कधीही घ्यायचो. त्याच्या दहातल्या आठ नोटा फेकल्या. तो कधी रुसला नाही, म्हणून तर फोन घ्यायचो.

आणि पान लावायच्या वेळी, संध्याकाळी, फोन करू नकोस. सकाळी कर. "मेल मिळाला का" विचारू नकोस, नवीन काय आहे ते एका वाक्यात सांग. ते वाक्य तुला स्वतःलाच सुचत नसेल तर बातमी नाही, तसं तुझ्या सरांना सांग. (नोकरी पक्की झाल्यावर.) नोटेखाली जो नंबर देशील त्यावर खरोखर कुणीतरी असू दे. निम्म्या नोटांखालचा नंबर स्विचबोर्डचा असतो.

गणिती किडा

मला एक समजावा. याचं यश मोजतात कसं? आमच्या कंपनीत दर तिमाहीला जनसंपर्कवाले एक तक्ता दाखवतात: "इतक्या कोटींचं कव्हरेज मिळालं." मी विचारलं, कोटी आले कुठून? तर म्हणे, बातमीने किती कॉलम सेंटिमीटर जागा व्यापली ते मोजायचं, त्याला त्या पानाच्या जाहिरातदराने गुणायचं. वर आणखी तीनने गुणायचं, कारण बातमीवर लोकांचा विश्वास जाहिरातीपेक्षा जास्त.

हा तीन कुठून आला? अडीच का नाही? पाय (३.१४) का नाही?

कात्रणवही

@गणिती किडा, हा तीन कुठून आला ते मलाही आजवर कुणी सांगितलेलं नाही. २०१० मध्ये बार्सिलोनाला मोजमापाच्या क्षेत्रातल्या संस्था जमल्या आणि त्यांनी लिखित तत्त्वं ठरवली. त्यात स्वच्छ म्हटलंय की जाहिरातमूल्य म्हणजे जनसंपर्काचं मूल्य नव्हे. सगळ्यांनी माना डोलावल्या. पुढच्या तिमाहीला साहेबांनी विचारलं, "यंदा किती कोटी?"

या हिशेबातली गंमत बघा. चार्जर प्रकरणाच्या आठवड्यात आमचं जाहिरातमूल्य वर्षातलं सर्वाधिक होतं. पहिल्या पानावर होतो ना! गोदामाला आग लागली असती तर मला बढती मिळाली असती.

टाचणी

"बदनामी हीसुद्धा प्रसिद्धीच" याचं हे गणिती रूप. :)

उंटावरचा

या म्हणीवर थोडं बोलतो, कारण ती अर्धी खरी आहे आणि अर्धी खरी म्हण फार घात करते. अमेरिकेतले सर्कसवाले बार्नम असं म्हणाले होते, असं सांगतात. त्यांनी म्हटल्याचा पुरावा नाही. (जनसंपर्कातलं सर्वात प्रसिद्ध वाक्यही कुणीतरी दुसऱ्याच्या तोंडी घातलेलं!)

२०१० मध्ये तीन संशोधकांनी न्यूयॉर्क टाइम्समधली पुस्तक परीक्षणं आणि त्या पुस्तकांची विक्री ताडून पाहिली. नावाजलेल्या लेखकाला वाईट परीक्षण आलं तर खप सुमारे १५ टक्क्यांनी घटला. अनोळखी लेखकाचा उलट सुमारे ४५ टक्क्यांनी वाढला. कारण साधं. लोक शेरा विसरतात, नाव लक्षात राहतं. म्हणजे ही म्हण ज्याला कुणी ओळखत नाही त्याच्याच कामाची. ज्याचं नाव आधीच आहे त्याने तिच्या नादी लागू नये.

नाव असलेल्याचं काय होतं ते जेराल्ड रॅटनर यांना विचारा. ब्रिटनमध्ये त्यांची दागिन्यांच्या दुकानांची मोठी साखळी होती. एप्रिल १९९१ मध्ये उद्योगपतींसमोर भाषण करताना थट्टेत म्हणाले की आमच्या वस्तू इतक्या स्वस्त असतात, कारण त्या अगदी टाकाऊ असतात. मूळ शब्द इथे लिहिला तर संपादक मंडळ प्रतिसाद उडवेल. सभागृह हसलं. कंपनीचं बाजारमूल्य सुमारे ५० कोटी पौंडांनी घसरलं, त्यांची खुर्ची गेली आणि पुढे कंपनीला नावसुद्धा बदलावं लागलं.

अवांतर: बातमी "काढून टाकता येते" हाही समज आहे. २००३ मध्ये गायिका बार्बरा स्ट्रायसँड यांनी आपल्या घराचा हवाई फोटो संकेतस्थळावरून हटवावा म्हणून ५ कोटी डॉलरचा दावा लावला. किनारपट्टीच्या नोंदीसाठी काढलेल्या हजारो फोटोंतला तो एक. दाव्याआधी तो सहा वेळा उतरवून घेतला गेला होता, त्यातले दोनदा त्यांच्याच वकिलांनी. दाव्याची बातमी झाल्यावर महिन्याभरात चार लाखांहून अधिक लोक त्या पानावर गेले. दावाही फेटाळला गेला.

साधा वाचक

प्र.का.टा.आ. (प्रतिसाद काढून टाकला आहे.)

टाचणी

@साधा वाचक, आता चार लाख लोक विचारणार काय लिहिलं होतं ते.

धोपटमार्गी

इतकी काळी बाजू आली म्हणून एक उजळ सांगतो. १९८२ चं टायलेनॉल प्रकरण. शिकागो परिसरात कुणीतरी या औषधाच्या कॅप्सूलमध्ये सायनाइड भरलं, सात जण दगावले. जॉन्सन अँड जॉन्सनने देशभरातून सुमारे ३ कोटी १० लाख बाटल्या परत घेतल्या, १० कोटी डॉलरहून जास्त खर्च आला, आणि छेडछाड कळून येईल असं नवं वेष्टन आणलं. ढासळलेला बाजारहिस्सा परत मिळवला. जनसंपर्काच्या प्रत्येक अभ्यासक्रमात हे शिकवतात. चांगला जनसंपर्क असा असतो.

कात्रणवही

@धोपटमार्गी, मला हे उदाहरण शिकवलं गेलं आणि मीही नव्या मुलांना शिकवलं. आता शिकवत नाही. दोन कारणं.

एक, तो जनसंपर्क नव्हताच. बाटल्या परत घेण्याचा निर्णय धंद्याचा होता, पैसा धंद्याचा गेला. शब्द मागून आले. निर्णय बरोबर असला की निवेदन कुणीही लिहू शकतं. आमच्या टेबलावर बहुतेकदा उलट येतं. निर्णय झालेला नसतो आणि "जरा चांगलं लिहून दे" असा निरोप येतो.

दोन, ती कंपनी स्वतःच गुन्ह्याची बळी होती. विष बाहेरच्या कुणीतरी घातलं होतं. तिथे मान वर करून बोलणं सोपं जातं. खरी परीक्षा चूक आपलीच असते तेव्हा. २०१० मध्ये मेक्सिकोच्या आखातात तेलविहिरीवर स्फोट होऊन ११ कामगार गेले, महिनोन्महिने तेल वाहत राहिलं, आणि बीपी या तेलकंपनीचे प्रमुख टोनी हेवर्ड कॅमेऱ्यासमोर म्हणाले की मला माझं आयुष्य परत हवंय. ते वाक्य कुठल्याही जनसंपर्कवाल्याने लिहून दिलेलं नसणार, हे मी पैजेवर सांगते. शिकवायचंच तर हे शिकवा.

@वाकडी मान, तुमचं उत्तर टाळत होते. तंबाखूचं आणि कुवेतचं मान्य. त्यावर "पण" नाही.

फक्त एक भर घालते, ती आमच्याच विरोधातली आहे. २०१७ मध्ये बेल पॉटिंगर या ब्रिटिश संस्थेचं दक्षिण आफ्रिकेतलं काम उघड झालं. गुप्ता या उद्योगपती कुटुंबासाठी केलेल्या मोहिमेत वांशिक तेढ वाढवल्याचा ठपका आला. व्यावसायिक संघटनेने त्यांना किमान पाच वर्षांसाठी काढून टाकलं. ग्राहक पळाले, काही दिवसांत संस्था बुडाली. ऐकायला छान वाटतं, न्याय झाला. पण संस्था बुडाली ती ग्राहक पळाल्यामुळे. संघटनेतून काढलं म्हणून कुणाला हे काम करायला बंदी होत नाही. डॉक्टरचा किंवा वकिलाचा परवाना जातो. आमच्याकडे बहुतेक देशांत परवानाच नाही, तर जाणार काय? उद्या माझे ते डॉक्टरही पाटी लावून बसू शकतात.

वाकडी मान

हे पहिल्यांदा कुणीतरी त्या बाजूने कबूल केलेलं वाचतोय. मान थोडी सरळ केली आहे.

तरी माझा प्रश्न राहिलाच. त्या रात्री सतरावा मसुदा गेला तेव्हा तुम्ही राजीनामा का दिला नाहीत?

कात्रणवही

घराचा हप्ता. याहून भारदस्त कारण सांगता आलं असतं, सवय आहे त्याची.

दुसरं कारण, मी उठून गेले असते तर अठरावा मसुदा निघाला असता आणि त्यात "वापर थांबवा" नसतं. हे कारण किती खरं आणि किती स्वतःची समजूत घालणारं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

शिळी बातमी

ताई, एक तांत्रिक शंका. ते "वापर थांबवा" निवेदनात कुठे होतं?

कात्रणवही

चौथ्या परिच्छेदात.

शिळी बातमी

जागा कमी पडली की डेस्कवर खालून कापतात. चौथा परिच्छेद सगळ्यात आधी जातो.

कात्रणवही

माहीत होतं. म्हणून सकाळी सात वाजल्यापासून बावीस रिपोर्टरना स्वतः फोन केले. निवेदन छापा नाहीतर फेकून द्या, पण लोकांना चार्जर वापरू नका एवढं सांगा, असं म्हटलं. साहेबांना न विचारता. अकरा जणांनी शीर्षकात घेतलं.

वाकडी मान

आणि उरलेल्या अकरांनी?

कात्रणवही

काहींनी आत कुठेतरी घेतलं, काहींनी काहीच नाही. एका ठिकाणी दोन कॉलमी शीर्षक होतं, "ग्राहकांच्या प्रतिक्रियांबाबत कंपनी गंभीर". सतराव्या मसुद्याची पहिली ओळ, फक्त आखडलेली. साहेबांनी ते कात्रण लॅमिनेट करायला सांगितलं होतं. माझ्या ड्रॉवरमध्ये आहे.